बकटाउनच्या रस्त्यावरची पाटी

गतवर्षी शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत परीक्षकाचे काम आमच्याकडे आले होते. ‘मला आवडलेली परदेशी व्यक्ती’ हा विषय होता, आणि योगायोग असा की दोन मुलींनी एकाच स्त्रीची निवड केली. ती म्हणजे अमेरिकेतील हॅरिएट टबमन; स्वतः गुलामगिरीतून निसटून गेलेली, आणि निसटल्यावर स्वस्थ न बसता त्याच जीवघेण्या मुलखात पुन्हा पुन्हा परत येऊन इतरांना सोडवून नेणारी. पहिली वक्ती दहावीची. तिने टबमनने तीनशे गुलाम मुक्त केले असे खणखणीत आवाजात सांगितले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. दुसरी नववीची. तिने ‘सुमारे सत्तर’ म्हटले, तेही किंचित अडखळत. आम्ही आमच्या कागदावर तिच्या नावासमोर ‘आकडा चुकीचा’ अशी टीप केली आणि दोन गुण कापले. दहावीच्या मुलीस प्रथम क्रमांक मिळाला. नववीची उत्तेजनार्थ बक्षिसावर राहिली.

आमच्या या खातरजमेस आधार होता. गोव्यात ज्यांना आपण तारवटी म्हणतो, अशांपैकी आमचा एक माजी विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे जहाज बाल्टिमोर बंदरात मुक्कामास असताना तो तेथील ओळखीच्या कुटुंबाबरोबर चेसापीक उपसागर ओलांडून मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर गेला होता, आणि तेथून त्याने आम्हांस एक छायाचित्र पाठविले. एका निर्जन रस्त्याच्या कडेला खांबावर बसविलेली धातूची पाटी, मागे सपाट शेत, त्यामागे झाडांची काळपट रेघ. पाटीवर हॅरिएट टबमनचे नाव, १८२० ते १९१३ अशी वर्षे, आणि बकटाउनच्या या कन्येने स्वतःचे व सुमारे तीनशे इतर गुलामांचे स्वातंत्र्य मिळविले, त्यांना उत्तरेकडे नेले, गृहयुद्धात सैन्याची परिचारिका, वाटाड्या व हेर म्हणून सेवा केली, अशा अर्थाचा चारपाच ओळींचा मजकूर. अमेरिकेतील गृहयुद्धाच्या शताब्दीनिमित्त, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, मेरीलँड राज्याने नेमलेल्या मंडळाने ती उभारली. हे छायाचित्र आम्ही मोठे करून वर्गात लावले आहे. इतिहास शिकविताना त्याकडे बोट दाखवून ‘तीनशे’ हा आकडा आम्ही कितीदा उच्चारला असेल, त्याची गणती नाही.

स्पर्धेनंतर ती नववीची मुलगी शिक्षकांच्या खोलीत आली. “सर, माझे कोठे चुकले?” तिने विचारले. आम्ही तिला वर्गात नेऊन ते छायाचित्र दाखविले. ही तेथल्या सरकारने लावलेली पाटी आहे, असेही सांगितले. तिने ती सावकाश वाचली आणि म्हणाली, “मग पाटीच चुकली असेल, सर.” आम्ही हसलो. ते हसणे आता आम्हांस बोचते, कारण मे महिन्याच्या सुटीत या विषयावरचे जे काही मिळाले ते वाचून काढल्यावर असे दिसून आले की मुलगी बरोबर होती आणि पाटी व परीक्षक दोघेही चुकले होते. कापलेले गुण आता परत देता येत नाहीत. स्पर्धा झाली, बक्षिसे वाटली गेली. निदान वार्षिकांकाच्या या पानांवर आमची चूक नोंदविली जावी, आणि तिच्या निमित्ताने रस्त्याकडेच्या पाट्या कशा वाचाव्यात याविषयी आमचे मत मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम त्या प्रदेशाकडे पाहू. आमच्या तारवटी विद्यार्थ्याने लिहिले होते की ती जमीन पाहून आपल्या खाजनांची आठवण होते. भरतीचे पाणी आत शिरणाऱ्या नद्या, चिखल, उंच गवत, पाणपक्षी. फक्त बांध आणि मानस तेवढे दिसत नाहीत. याच डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ साली एका गुलाम दांपत्याच्या पोटी ही मुलगी जन्मास आली. आईचे नाव हॅरिएट ग्रीन, तिला सगळे रिट म्हणत. बापाचे नाव बेन रॉस, तो इमारती लाकूड तोडणाऱ्यांचा मुकादम होता. मुलीचे नाव अरामिंटा, लाडके नाव मिंटी. जन्माची तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या मुलाची जन्मतिथी कोण लिहिणार? परंतु मार्च १८२२ मध्ये ज्या जमीनदाराच्या शेतावर ते राहात होते त्याच्या हिशेबात एक रक्कम आढळते: रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीस दोन डॉलर. पुढे जगाने जिला मान दिला, तिच्या जन्माचा पुरावा म्हणजे मालकाच्या वहीतील एक खर्चाची बाब. पाटीवरचे १८२० हे वर्ष अशा रीतीने दोन वर्षांनी चुकलेले आहे. त्याबद्दल आम्ही पाटीस दोष देत नाही. टबमनला स्वतःलाही आपले वय नेमके ठाऊक नव्हते.

पाटी ज्या शेताजवळ आहे ते ब्रॉडेस नावाच्या मालकाचे. जन्म तेथला नव्हे, तेथून काही मैलांवरचा. परंतु मिंटीचे बालपण या ब्रॉडेसच्या मालकीत गेले. सहासात वर्षांची असताना तिला दुसऱ्यांच्या घरी भाड्याने देत. एका मालकाने तिला गोवर निघालेला असताना थंड पाण्यात उतरवून उंदरासारख्या पाणप्राण्यांचे सापळे तपासावयास लाविले. तिच्या तिघी बहिणी दक्षिणेकडे विकल्या गेल्या व त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. बकटाउनच्या चौरस्त्यावरील दुकानात एकदा एका मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर दोन पौंडांचे वजन फेकले, ते या मुलीच्या डोक्यात बसले. कवटी फुटली. त्यानंतर आयुष्यभर तिला चालताबोलता एकाएकी झोप येई. ज्या स्त्रीला वाटेत केव्हाही, कोठेही गुंगी येऊ शकत होती, तिने रात्रीच्या अंधारात शेकडो मैल माणसे नेली, ही गोष्ट पाटीवर नाही. पाटीवर जागा तरी किती असते?

सप्टेंबर १८४९ मध्ये ती दोघा भावांसह पळाली. भाऊ कचरले, तिलाही घेऊन परतले. मग ती एकटीच निघून गेली. मालकिणीने ३ ऑक्टोबर १८४९ च्या तारखेने दिलेली जाहिरात उपलब्ध आहे. ती २००३ साली त्याच परगण्यात सापडली. तीत हॅरी, बेन आणि मिंटी अशी तीन नावे आहेत. मिंटीचे वय सुमारे सत्तावीस, उंची पाच फुटांच्या आसपास. राज्याबाहेर पकडल्यास दर माणशी शंभर डॉलर, राज्यात पकडल्यास पन्नास. जाहिरातीच्या माथ्यावर तिघांचे मिळून तीनशे डॉलर. तीनशे हा आकडा या बाईच्या मागे पहिल्यापासूनच लागलेला दिसतो! पुढे तिच्या डोक्यावर चाळीस हजार डॉलरांचे इनाम होते, अशी आख्यायिका पसरली, आणि अजूनही पुष्कळ पुस्तकांत ती छापली जाते. तसे कोणतेही इनाम कोणी लाविलेले नव्हते. छापील कागद सांगतो तो आकडा शंभराचा, आणि तोसुद्धा ती पुढारी झाल्यावरचा नव्हे, तर नुसती एक पळालेली मिंटी होती तेव्हाचा.

पेनसिल्व्हेनियात पोहोचल्यावर ती स्वतंत्र झाली. तेथेच थांबती तर आज तिचे नाव कोणी घेतले नसते, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. परंतु १८५० च्या अखेरीपासून पुढील दहा वर्षांत ती सुमारे तेरा वेळा मेरीलँडला परत गेली. त्याच १८५० साली पळालेल्या गुलामांस उत्तरेतूनही पकडून परत देण्याचा कायदा झाल्याने मुक्काम आता फिलाडेल्फियाचा राहिला नाही. कॅनडातील सेंट कॅथरिन्सपर्यंत जावे लागे. वाटेत आसरा देणाऱ्या घरांच्या गुप्त साखळीला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. तीत रूळ नव्हते व इंजिनही नव्हते, होती ती केवळ माणसे. विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट हे क्वेकर पंथाचे व्यापारी, फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल हे स्वतः एका गुलाम आईचे पुत्र. स्टिल यांनी आलेल्या प्रत्येकाची हकीकत वहीत टिपून ठेवली आणि १८७२ साली ती प्रसिद्ध केली. आज आपण सत्तर हा आकडा विश्वासाने सांगू शकतो, त्याचे मोठे श्रेय या वहीला आहे. ती वही शत्रूच्या हाती लागती तर कित्येकांचे प्राण जाते. तरीही त्यांनी ती लिहिली, जपली व लपविली.

त्या सत्तरांपैकी तिघांची गोष्ट येथे सविस्तर सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १८५४ सालच्या नाताळानंतर टबमनच्या तिघा भावांची, रॉबर्ट, बेन व हेन्री यांची, विक्री व्हावयाची होती. तिने एका साक्षर स्वतंत्र कृष्णवर्णी शेतकऱ्यास, जेकब जॅक्सन यास, दुसऱ्या कोणाच्या नावाने एक पत्र धाडविले. स्वतः तिला लिहितावाचता येत नव्हते. पत्रात भावांनी सज्ज राहावे असा गूढ निरोप होता. टपाल तपासणाऱ्या गोऱ्या अंमलदारांस अर्थ लागेना. जॅक्सनने पत्र पाहून ‘यात माझ्यासाठी काही नाही’ असे सांगितले, परत केले, आणि निरोप पोहोचविला. शनिवारी रात्री ती मंडळी निघाली. रॉबर्टची बायको त्याच घटकेस बाळंत होत होती. तिला सोडून त्याला जावे लागले. नाताळच्या दिवशी सगळे आईबापांच्या झोपडीजवळ वैरणीच्या कोठारात लपून बसले. म्हाताऱ्या रिटने मुले जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून ठेवला होता आणि ती दारात उभी राहून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहात होती. मुले फटीतून तिला पाहात होती. परंतु तिला कळविले असते तर ती हंबरडा फोडील आणि सारे उघडकीस येईल, म्हणून कोणी बोलले नाही.

बापास मात्र कळविले. बेन रॉस जेवण घेऊन आला तो डोळ्यांवर रुमाल बांधून. रात्री मुले निघाली तेव्हाही तो रुमाल बांधूनच, दोन्ही बाजूंस एकेका मुलाचा हात धरून, त्यांच्याबरोबर काही अंतर चालत गेला आणि मग तेथेच थांबून त्यांच्या पावलांचा आवाज नाहीसा होईपर्यंत उभा राहिला. असे त्याने का केले? कारण दुसऱ्या दिवशी शोध घेणारे येणार व ‘तुझे मुलगे पाहिलेस काय’ असे विचारणार हे त्याला ठाऊक होते. आणि बेन रॉस हा खोटे न बोलणारा माणूस म्हणून मालकांतही प्रसिद्ध होता. त्याला ‘मी त्यांना पाहिले नाही’ असे खरे बोलावयाचे होते. २९ डिसेंबरला ही मंडळी फिलाडेल्फियास विल्यम स्टिलच्या कचेरीत पोहोचली.

ज्याच्या मुलांना विकण्याचा अधिकार दुसऱ्यास होता, ज्या राज्याचा कायदाच अन्यायाचा होता, त्या बापाने मुलांचे तोंड शेवटचे पाहण्याचे सुख एका खऱ्या वाक्यासाठी दूर ठेविले. (तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, हॅरिएटने या आईबापांनाही उत्तरेस नेले, ही समाधानाची गोष्ट.) अशा माणसाच्या मुलीच्या नावे तिच्या गावच्या रस्त्यावर फुगविलेला आकडा असावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

मग हा तीनशेचा आकडा आला कोठून? १८५८ व १८५९ साली सभांतून बोलताना टबमनने स्वतः आठनऊ फेऱ्यांत पन्नाससाठ माणसे आणली असेच सांगितले होते. त्यानंतरची माणसे मिळविली की सत्तराच्या आसपास येतात. शिवाय जवळजवळ तितक्याच लोकांना तिने वाटेच्या खुणा समजावून दिल्या व ते आपल्या पायांनी सुटले. परंतु १८६९ साली साराह ब्रॅडफर्ड नामक लेखिकेने तिचे चरित्र घाईघाईने लिहिले, त्यात एकोणीस फेऱ्या व तीनशे माणसे असे छापले गेले. लेखिकेचा हेतू वाईट नव्हता. ऑबर्न गावी टबमनच्या घरावर कर्ज होते, म्हातारे आईबाप पोसावयाचे होते, आणि पुस्तकाचे उत्पन्न तिलाच मिळावयाचे होते व तसे ते मिळालेही. चांगल्या कामासाठी थोडे वाढवून सांगितले तर बिघडले कोठे, असा तो विचार असावा. आणि जिचे चरित्र, तिला ते वाचता येत नव्हते. १८८६ साली याच लेखिकेने दुसरे पुस्तक लिहून तिला तिच्या लोकांचा मोझेस म्हटले. मिसर देशाच्या दास्यातून आपल्या लोकांना बाहेर काढणारा बायबलातील पुढारी तो मोझेस. १९१४ साली, तिच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, ऑबर्नच्या न्यायालयात लाविलेल्या काशाच्या पत्र्यावर तीनशेहून अधिक असा आकडा कोरला गेला. पन्नासएक वर्षांनी तोच मेरीलँडच्या रस्त्यावर आला, आणि एका तारवटी मुलाच्या पाकिटातून आमच्या वर्गात. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी मागच्या छापील अक्षरावर विश्वास ठेविला. या साखळीतील शेवटची कडी आम्ही होतो, आणि आमच्याजवळ तर गुण कापण्याची लाल पेन्सिलही होती. २००४ साली केट क्लिफर्ड लार्सन या संशोधिकेने जुने दस्तऐवज, मृत्युपत्रे व विक्रीखते तपासून चरित्र लिहिले, तेव्हा कोठे हिशेब पुन्हा जुळला. १८२२ हे जन्मवर्षही त्याच परिश्रमाचे फळ आहे.

आमच्या एका सहकारी मित्रांनी हे ऐकून विचारले, “अहो, सत्तर काय आणि तीनशे काय! स्फूर्ती मिळाली म्हणजे झाले. मुलांपुढे हिशेबाच्या वह्या कशाला उघडता?” हा आक्षेप पुष्कळांच्या मनात असतो व तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु आमचे उत्तर टबमनच्याच आयुष्यात आहे. तिला रेचेल नावाची एक बहीण होती. विकली न गेलेली तेवढी एकच उरली होती. तिला आणण्याचा टबमनने वर्षानुवर्षे प्रयत्न केला. परंतु रेचेल आपल्या दोन मुलांवाचून निघेना, आणि मुले दुसरीकडे ठेविलेली असत. १८६० च्या हिवाळ्यात टबमन शेवटच्या फेरीस गेली तेव्हा तिला कळले की रेचेल मरण पावली आहे. मग निदान त्या दोन मुलांना आणावे. पण त्यासाठी कोणास तरी द्यावयाचे तीस डॉलर तिच्याजवळ नव्हते. मुले मागे राहिली. हात हलवीत न जाता तिने त्याच खेपेस दुसरे एक कुटुंब सोडवून आणले, त्यात तान्हे मूलही होते. आता सांगा, तीनशेच्या ढिगात रेचेलच्या दोन मुलांची जागा कोठे? ज्या बाईने तीनशे माणसे सहज आणली तिला आणखी दोन आणता आली नाहीत हे कोणास पटेल? सत्तर म्हटले म्हणजे एकेक माणूस आणण्यास काय पडत होते ते समजते. तेरा फेऱ्यांत सत्तर म्हणजे एका खेपेस पाचसहा: एखादी बाळंतीण, एखादा म्हातारा, अफूचे औषध पाजून निजविलेले एखादे पोर. एकही माणूस वाटेत गमावला नाही, असे ती पुढे अभिमानाने सांगे, आणि तो अभिमान सत्तरांच्या हिशेबातच शोभतो. मोठा आकडा तिला देवतेच्या कोटीत नेऊन बसवितो आणि आपली जबाबदारी संपविणे सोपे करतो.

शिवाय ज्यांना मोठाच आकडा हवा असेल त्यांच्यासाठी खरा आकडा आहेच. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील कोंबाही नदीवर कर्नल माँटगोमेरी यांच्या तुकडीने युद्धनौकांतून चढाई केली. तिची वाट टबमनने हेरांकरवी आधी शोधून ठेविली होती व ती स्वतः बरोबर होती. त्या एका मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. पाटीवर ‘हेर’ हा शब्द आहे, सातशे मात्र नाहीत! चुकीचे तीनशे कोरले गेले आणि खरे सातशे राहून गेले, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. सरकारनेही त्या हेरगिरीची कदर करण्यास विलंबच लावला. १८९९ साली तिचे विधवा म्हणून मिळणारे दरमहा आठ डॉलरांचे निवृत्तिवेतन वीस डॉलर झाले, तेही परिचारिकेच्या कामाचा विचार करून. २०२४ साली मेरीलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडिअर जनरलचे पद बहाल केले. तिला जाऊन तेव्हा एकशेअकरा वर्षे लोटली होती.

आता त्या पाटीचे काय करावे? उपटून टाकावी, असे आमचे मत मुळीच नाही. ज्या मेरीलँडमध्ये १ नोव्हेंबर १८६४ पर्यंत माणूस विकणे कायदेशीर होते (लिंकनची १८६३ ची घोषणा त्या राज्यास लागूच नव्हती), आणि जेथे १९६० नंतरही काळ्या व गोऱ्या लोकांस एका उपाहारगृहात बसता यावे म्हणून लढा द्यावा लागत होता, त्या राज्याने त्याच वर्षांत एका पळालेल्या गुलाम स्त्रीचे नाव तिच्या मालकाच्या शेतासमोर सन्मानाने उभे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या कोणी ती पाटी लाविली त्यांनी आपल्या काळी मिळाली ती माहिती प्रामाणिकपणे लिहिली. तिच्यावर रंग फासून ‘तीनशे’ पुसून ‘सत्तर’ लिहिणे हेही आम्हांस पसंत नाही. मग चूक झाली होती हेच कोणास कळणार नाही. आमच्या मते तिच्या शेजारी दुसरी लहान पाटी असावी. पहिली अमुक काळी लिहिली गेली, त्यानंतर हे हे कागद सापडले, आणि आकडा असा बदलला, एवढे तिच्यावर असले म्हणजे पुरे. त्या परगण्यात २०१७ साली टबमनच्या नावाचे जे माहितीकेंद्र उघडले तेथे सत्तरांचाच हिशेब दिला जातो. परंतु रस्त्याने जाणारा प्रत्येकजण केंद्रात जाईलच असे नाही. आणि एक मौज पाहा: २०२१ साली बेन रॉसच्या झोपडीची जागा दलदलीत खणून शोधून काढली ती मेरीलँडच्या रस्तेविभागाच्या पुरातत्त्वज्ञांनी. तेथे १८०८ सालचे एक नाणे मिळाले. रस्ते बांधणारे खातेच रस्त्याकडेचा इतिहास तपासू लागले, तर याहून उचित काय?

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. परंतु जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केली. पुण्यातील एका शाळामास्तरास ते दूरचे वाटले नाही. आणि आम्हां गोवेकरांस तर मुळीच वाटू नये. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने लिहून ठेविले आहे की येथल्या ‘रुआ दिरेयता’ या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे, आणि त्यात घोडे, जडजवाहीर यांबरोबर आफ्रिकेतून आणलेले स्त्रीपुरुषही विकले जात. व्हाइसरॉयच्या कमानीतून आत येणारा तोच हा रस्ता. शाळेची सहल घेऊन आम्ही त्या कमानीखालून कितीदा तरी गेलो आहो. कमान कोणी बांधली ते मुलांस सांगितले, तिच्यावरचा पुतळा दाखविला. त्या लिलावाची पाटी तेथे आमच्या दृष्टीस कधी पडली नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही ती शोधलीही नाही. आपल्या कोंकणीत ‘खाप्री’ हा शब्द मात्र शिल्लक आहे, आणि आपण तो हसत हसत वापरतो. मेरीलँडच्या पाटीवरचा आकडा चुकला म्हणून तिला नावे ठेवताना, आपल्या रस्त्यावर चुकण्याजोगी पाटीच नाही, हे आमच्या ध्यानी यावयास फार उशीर लागला.

येत्या सहलीत त्या कमानीपाशी थोडे अधिक थांबण्याचा आमचा विचार आहे. लिन्स्खोटेनचा तो मजकूर कोणी वाचून दाखवावा, हे अद्याप ठरावयाचे आहे. वर्गातील छायाचित्र तेथेच आहे. त्याच्याखाली त्या मुलीने, आता ती दहावीत आहे, आमच्या सांगण्यावरून एक कागदाची पट्टी चिकटविली आहे. तीवर १८२२, सुमारे सत्तर, तेरा फेऱ्या, आणि त्याखाली कोंबाहीचे सातशे, असे लिहिले आहे. तिचे अक्षर फार बारीक असल्याने मागच्या बाकांवरून ते वाचता येत नाही अशी मुलांची तक्रार आहे. दिवाळीच्या सुटीनंतर मोठा पुठ्ठा आणून ते पुन्हा लिहावयाचे आहे.